सवालीरामाची टपालपेटी आणि वर्गाचा ब्लॉग

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या मुलांच्या दप्तरात एके काळी ‘बाल वैज्ञानिक’ नावाचे विज्ञानाचे पुस्तक असे. त्यात सवालीराम नावाचे एक पात्र होते. मनात जो प्रश्न येईल तो सवालीरामाला पत्राने कळवावा, असे ते पुस्तक मुलांना सांगे. सवालीराम नावाचा कोणी मनुष्य नव्हता. पत्रे मात्र खरी येत आणि त्यांना जाणारी उत्तरेही खरी असत. कार्यक्रमातील कार्यकर्ते, शिक्षक आणि शास्त्रज्ञ मिळून ती लिहीत. ज्या मुलाच्या घरी पूर्वी कधी कोणाचे पत्र आले नसेल, त्याच्या नावाने पोस्टमन दारात उभा राही.

या टपालाची आठवण आज काढण्यास कारण आहे. ‘निपुण भारत’ अभियानाने देशातील प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचन आणि अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ हे शैक्षणिक वर्ष मुदत म्हणून ठरविले आहे. अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, तेव्हा ही मुदत लांब वाटत होती. आता ती दाराशी आली आहे. मध्य प्रदेशात हेच काम ‘मिशन अंकुर’ या नावाने चालते. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, असे लक्ष्य आहे. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत, दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, ती २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. वाढ स्वागतार्ह आहे, तरी चारपैकी तीन मुले अजून मागे आहेत. या सर्व मोजणीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. मोजले जाते ते वाचन आणि गणित. मूल स्वतःच्या मनातले चार वाक्यांत लिहू शकते का, हे या ठळक आकड्यांत कुठेच नाही. जे मोजले जात नाही, त्याला वेळापत्रकातही हळूहळू जागा उरत नाही, हा शाळांचा जुना अनुभव आहे.

वर्गाचा ब्लॉग काढावा, त्यावर मुलांचे लेखन यावे, ही सूचना गेल्या दशकात शिक्षकांनी अनेकदा ऐकली आहे. तिची चर्चा बहुतेक वेळा संगणक, इंटरनेट आणि प्रशिक्षण यांपाशी येऊन थांबते. भोपाळचा अनुभव तिला अधिक मूलभूत प्रश्नाकडे नेतो. मुलाने लिहिलेले वाचणार कोण, आणि वाचून उत्तर कोण देणार?

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली अवघ्या १६ शाळांत सुरू झाला. रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि ‘किशोर भारती’ या दोन संस्थांनी तो उभा केला. दिल्ली विद्यापीठातील आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात गेला आणि १९८२ मध्ये त्यातूनच भोपाळची ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. कचऱ्यातून खेळणी करणारे म्हणून मराठी घरांना परिचित असलेले अरविंद गुप्ता पुण्याच्या ‘आयुका’त येण्याच्या कितीतरी आधी, टेल्कोतून रजा घेऊन याच कार्यक्रमात आले होते. पुण्याहून निघणाऱ्या ‘शैक्षणिक संदर्भ’ या मराठी नियतकालिकाची मूळ प्रेरणाही एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’ची. तेव्हा हा प्रयोग मराठी शिक्षणविश्वाला परका नाही.

जुलै १९८५ मध्ये एकलव्यने भोपाळहून ‘चकमक’ हे मुलांचे मासिक सुरू केले. शहरावरील वायुदुर्घटनेला तेव्हा जेमतेम सात महिने झाले होते. ‘चकमक’मध्ये ‘मेरा पन्ना’ नावाचे सदर आले. मुलांनी लिहिलेले आणि रेखाटलेले त्यात छापले जाई. बकरी हरवल्याची हकिकत, आजीशी झालेले भांडण, शाळेत शिरलेला साप, पाहिलेले स्वप्न, असे मुलांच्या जगण्यातले काहीही तिथे येऊ शकत होते. पुढे गावोगावी चकमक क्लब निघाले, भित्तिपत्रे लागली. आजही भोपाळ हे हिंदी बालसाहित्याचे मोठे केंद्र आहे. ‘एकतारा’ची ‘प्लूटो’ आणि ‘साइकिल’ ही मासिके याच शहरातून निघतात, आणि वस्त्यांतील मुलांसोबत काम करणारी ‘मुस्कान’ ही संस्था पारधी, गोंड अशा समाजांतील मुलांच्या गोष्टी पुस्तकरूपाने आणते. एका शहरात हे सारे एकवटले, यात सवालीरामाच्या टपालपेटीचा वाटा नाही असे म्हणता येणार नाही.

वाचक मिळाल्याने मुलाच्या लेखनात काय बदलते, हे पाहायला गोव्यातीलच उदाहरण घेता येईल. चौथीच्या वर्गात ‘माझा आवडता सण’ हा निबंध दरवर्षी लिहिला जातो. बहुतेक मुले चवथीवर लिहितात. ‘चवथ माझा आवडता सण आहे. आम्ही गणपती आणतो. माटोळी बांधतो. आम्हांला खूप आनंद होतो.’ शिक्षिकेच्या घरीही माटोळी असते, त्यामुळे ती काय असते हे तिला सांगण्याची गरज मुलीला वाटत नाही. शिक्षिका ऱ्हस्व-दीर्घ तपासते, ‘छान’ असा शेरा मारते आणि वही परत करते. परीक्षेपुरता हा व्यवहार पूर्ण झाला. त्यात कोणी कोणाला काही सांगितले नाही.

आता समजा, हाच निबंध सत्तरीतल्या शाळेतून भोपाळच्या एखाद्या शाळेत गेला. तिथल्या मुलाने ‘माटोळी’ हा शब्द कधी ऐकलेला नाही. तो विचारणार, माटोळी म्हणजे काय? ती कुठे बांधतात? तिला टांगलेली फळे नंतर खातात की टाकतात? या तीन प्रश्नांनी मुलीच्या चार ओळींचे रूपांतर होते. तिला आता लाकडी चौकट सांगावी लागते. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड यांची नावे आठवावी लागतात. रानातून कोण काय आणतो हे आजोबांना विचारावे लागते. जे रोज डोळ्यांसमोर आहे ते न पाहिलेल्या माणसाला दिसेल असे सांगणे, हे लेखनाचे पहिले खरे शिक्षण होय. व्याकरणाच्या तासाने ते होत नाही. ते होण्यासाठी ठाऊक नसलेला, पण जाणून घेऊ इच्छिणारा वाचक लागतो.

उलट बाजूनेही तेच. भोपाळचा बडा तलाव भरला की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि शहर ते पाहायला लोटते. गोव्यात साळावली धरण भरून वाहू लागले की सांगेच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. एका धरणाचे पाणी दरवाजांतून सुटते, दुसऱ्याचे गोल सांडव्यातून विहिरीत कोसळावे तसे खाली जाते. असे का, हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकाने न विचारता दोन वर्गांत उभा राहू शकतो, आणि त्यात भूगोल, विज्ञान आणि भाषा एकाच वेळी येतात.

ही कल्पना इंटरनेटने जन्माला घातलेली नाही. फ्रान्सच्या दक्षिणेकडील बार-सूर-लू या डोंगरी गावात १९२० साली सेलेस्तँ फ्रेने नावाचा तरुण शिक्षक रुजू झाला. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला झालेल्या जखमेमुळे त्याला वर्गात फार वेळ मोठ्याने बोलता येत नसे. शिक्षकाने बोलावे आणि मुलांनी ऐकावे, ही पद्धत त्याच्या शरीरालाच झेपणारी नव्हती. १९२४च्या सुमारास त्याने एक छोटे छपाईयंत्र वर्गात आणले. मुले आपले अनुभव सांगत, लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापत. ही पाने पुढे ब्रिटनीच्या समुद्रकाठच्या एका शाळेशी टपालाने अदलाबदल होऊ लागली. डोंगरातल्या मुलांना समुद्र कळू लागला, समुद्राकाठच्या मुलांना डोंगर. खिळे उलटे जुळवावे लागत, म्हणून प्रत्येक अक्षराकडे लक्ष द्यावे लागे. शुद्धलेखन शिकवण्यासाठी फ्रेनेला वेगळी शिक्षा योजावी लागली नाही. चुकीचे छापले तर दूरच्या मित्रांना कळणार नाही, एवढी भीती पुरेशी होती. वर्गाच्या ब्लॉगची वंशावळ शोधायची तर ती या छपाईयंत्रापर्यंत जाते.

मग महाराष्ट्रात शाळांच्या ब्लॉगचे काय झाले? गेल्या दशकात तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी मोठ्या उत्साहाने ब्लॉग काढले. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर डिजिटल शाळांची लाट आली, लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले आणि ब्लॉगांना आणखी बळ मिळाले. त्या ब्लॉगांवर शासकीय परिपत्रके होती, नमुना प्रश्नपत्रिका होत्या, रजेच्या अर्जांचे नमुने होते, कवितांच्या चाली होत्या. शिक्षकांना त्यांचा मोठा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवे. परंतु त्यांत मुलांचे लेखन शोधावे लागे. जिथे ते होते तिथेही बहुधा पाहुण्यांसमोर मांडलेल्या प्रदर्शनासारखे होते. निवडक मुलांचे, शिक्षकांनी सुधारलेले, खाली एक-दोन अभिनंदनाच्या ओळी असलेले. त्या मुलाला कोणी काही विचारले नाही. प्रश्नच आला नाही, तर दुसऱ्यांदा लिहायचे कशासाठी? असे कित्येक ब्लॉग आज वर्षानुवर्षे हात न लागता पडून आहेत. तंत्रज्ञान तिथे अपुरे पडले नव्हते.

गोव्यातील शाळांत याच जातीची जुनी परंपरा आहे ती हस्तलिखिताची. सुवाच्य अक्षराच्या मुलांकडून लेख लिहून घ्यायचे, मुखपृष्ठ रंगवायचे, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन करायचे आणि मग ते मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायचे. त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे पुढल्या वर्षी कोणाला आठवत नाही. २०२०च्या टाळेबंदीनंतर वर्गावर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट आले. तिथे वहीच्या पानाचे छायाचित्र सकाळी येते, त्याखाली अंगठे येतात आणि संध्याकाळपर्यंत ते फीची सूचना, गणवेशाची चौकशी आणि शुभेच्छांखाली गाडले जाते. मुलाचा वाचक तिथे त्याची आई असते. आईचे कौतुक मोलाचे आहे, पण माटोळी म्हणजे काय असे ती विचारत नाही.

येथे सवालीराम आणि ‘मेरा पन्ना’ यांच्या मर्यादेचाही विचार करणे प्राप्त आहे. पत्र लिहिणारे मूल हे आधीच लिहू लागलेले मूल असते. मासिकाला निवड करावीच लागते. हजारो पानांतून वीस-पंचवीस छापली जातात. मागच्या बाकावरचे, दोन अक्षरे जोडताना अडखळणारे मूल या व्यवस्थेत सहसा पोहोचत नाही, आणि ‘निपुण’च्या मुदतीची चिंता खरे तर त्याच मुलाची आहे. वर्गाच्या ब्लॉगची जमेची बाजू नेमकी इथे आहे. वीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाचे पान येऊ शकते, निवड करावी लागत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगावे आणि शिक्षकाने त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आपण बोललेले कागदावर उतरलेले पाहणे हाच वाचनाचा पहिला धडा ठरू शकतो. सातवी-आठवीच्या मुलांना साधणारी गोष्ट दुसरी-तिसरीत या मार्गाने आणता येते.

लहान मुलांच्या हाती पडदा द्यावा का, हा पालकांचा रास्त आक्षेप. पण प्राथमिक वर्गात मुलाने कळफलकाला हात लावण्याचेही कारण नाही. मुलाने कागदावर लिहावे, चित्र काढावे, शिक्षकाने छायाचित्र काढून चढवावे. अक्षर मुलाचेच राहते, ब्लॉग केवळ टपालाचे काम करतो. सत्तरी, काणकोणात ज्या शाळांत नेटवर्क येत-जात असते, तिथे आठवड्यातून एकदा घरी जाऊन चढवले तरी चालण्यासारखे आहे. उत्तर दोन दिवस उशिरा आले म्हणून बिघडत नाही. सवालीरामाच्या उत्तराला त्याहून अधिक वेळ लागत असे.

खरा अडसर शिक्षकाच्या वेळेचा आहे. साधा हिशेब करून पाहावा. वीस मुलांनी पंधरवड्याला एक पान लिहिले तर महिन्याला चाळीस पाने होतात. प्रत्येक पान नीट वाचून दोन ओळींचे उत्तर द्यायला पाच मिनिटे धरली, तरी दोनशे मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे लागतात. आकडा ऐकायला मोठा नाही. परंतु गोव्यातील अनेक सरकारी प्राथमिक शाळांत एक-दोन शिक्षक चार इयत्ता एकत्र सांभाळतात, माध्यान्ह आहाराची नोंद ठेवतात, संकेतस्थळांवर माहिती भरतात. नोव्हेंबर २०२५ पासून मतदार याद्यांची जी विशेष सखोल फेरतपासणी झाली, तिच्या यादीत गोवाही होता आणि मध्य प्रदेशही. दोन्हीकडे शिक्षकांसह सरकारी कर्मचाऱ्यांना त्या कामासाठी घरोघरी फिरावे लागले. अशा शिक्षकाला ‘आता ब्लॉगही चालवा’ असे परिपत्रक पाठवले, तर महिन्याअखेरीस तीन छायाचित्रे आणि एक अहवाल मिळेल. मुलांना काही मिळणार नाही.

होशंगाबादने हे ओळखले होते. तिथे शिक्षक एकटा नव्हता. संगम केंद्रांवर शिक्षकांच्या मासिक बैठका होत. वर्गात काय फसले यावर चर्चा होई, शिक्षकांसाठी वेगळी पत्रिका निघे. सवालीरामाच्या पत्रांची उत्तरे द्यायला वर्गशिक्षक बसत नसे, त्यासाठी दुसरी माणसे होती. कार्यक्रमाच्या यशाचे श्रेय पुष्कळदा प्रयोगपेटीला दिले जाते. ते या माणसांनाही द्यायला हवे.

गोव्यात अशी माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही. पर्वरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत भावी प्राथमिक शिक्षक घडतात. त्यांच्यातील प्रत्येकाकडे चार-पाच मुलांची पाने वर्षभर वाचायला आणि प्रश्न विचारायला दिली, तर मुलांना वाचक मिळेल आणि त्या विद्यार्थ्यांना मुले कशी विचार करतात हे पाठ्यक्रमातील कोणत्याही प्रकरणापेक्षा चांगले कळेल. दोन शाळांची जोडी लावणे हा दुसरा मार्ग. पेडणे आणि काणकोण यांतही मुलांना एकमेकांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे, त्यासाठी भोपाळपर्यंत जाण्याचीही गरज नाही. निवृत्त शिक्षकांचा तिसरा वर्ग आहे. मात्र त्यांच्या हाती लाल शाईचे पेन न देण्याची खबरदारी घ्यावी लागेल.

लाल शाईचा विषय गोव्यात भाषेच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतील मूल घरी बहुधा कोकणी बोलते. औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या शाळांत कन्नड वा हिंदी बोलणारी मुलेही त्याच बाकावर असतात. मुलाच्या पहिल्या लेखनात घरची भाषा उतरणारच. भोपाळच्या परिसरातील प्रयोगांपुढेही हाच पेच होता. बुंदेली, माळवी बोलणारी मुले पाठ्यपुस्तकातील हिंदीत शिकत. एकलव्यचा प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम, ज्यात ‘खुशी-खुशी’ ही पुस्तके वापरली गेली, बैतूल जिल्ह्यातील शाहपूर तालुक्यात चालला, तिथे तर गोंडी आणि कोरकू बोलणारी मुले होती. त्या मुलांना शाळेत आणायचे तर त्यांची बोली दाराबाहेर काढून ठेवा, असे सांगून भागणार नव्हते.

सार्वजनिक पानावर ‘अशुद्ध’ मराठी दिसली तर शाळेची अब्रू जाईल, अशी धास्ती मुख्याध्यापकाला वाटते. मग लेखन सुधारले जाते, आणि सुधारता सुधारता त्यातील मूल नाहीसे होते. १९६१ नंतर मराठी प्राथमिक शाळांनी गोव्याच्या खेड्यापाड्यांत अक्षर नेले. माध्यमाच्या अनुदानावरून २०११ साली जो वाद पेटला, त्यानंतर या शाळांची पटसंख्या हा सतत काळजीचा विषय झाला. त्या वादात दोन्ही बाजूंनी मातृभाषेचे गुणगान झाले. मुलाच्या वहीत ‘पावस’ आला तर तो ‘पाऊस’ करण्याआधी मुलाचे म्हणणे पुरते वाचावे, एवढी सहिष्णुता मात्र दोन्ही बाजूंच्या शाळांत दुर्मीळ आहे. पहिला मसुदा मुलाच्या भाषेत, दुसरा त्याने स्वतः सुधारलेला, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवणे हा मधला मार्ग ब्लॉगवर सहज शक्य आहे. छापील हस्तलिखितात त्याला जागा नसते.

आता धोक्यांकडे. मुले खरे लिहू लागली की मोठ्यांची अडचण होते, याचे दाखले दूरचेही आहेत आणि जवळचेही. १९३२च्या अखेरीस फ्रेनेच्या तेव्हाच्या गावी, सें-पोल येथे, त्याच्या विरोधकांनी एका मुलाचा मजकूर भिंतींवर चिकटवला. मुलाने आपले स्वप्न लिहिले होते, त्यात महापौराला मारल्याचे दृश्य होते. शिक्षक मुलांना बंड शिकवतो, असा गहजब झाला आणि १९३३ मध्ये फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या लॉकगिल्पहेड येथील नऊ वर्षांच्या एका शाळकरी मुलीने शाळेतील जेवणाची छायाचित्रे काढून ‘नेव्हरसेकंड्स’ नावाने ब्लॉग लिहायला घेतला. जेवण किती गुणांचे, किती घास झाले, ताटात केस सापडला का, इतके नेटके तिचे रकाने होते. जूनमध्ये स्थानिक परिषदेने छायाचित्रे काढण्यास बंदी घातली. जगभर टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली. त्या ब्लॉगच्या निमित्ताने मुलांच्या शालेय आहारासाठी एक लाख पौंडांहून अधिक देणगी जमली. भारतात २०१९ साली उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात मुले मीठ-पोळी खात असल्याचे चित्रण करणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा नोंदवला गेला होता. प्रौढ पत्रकाराची ही गत, तर तिसरीतल्या मुलाने ‘आजची भाजी पातळ होती’ असे वर्गाच्या पानावर लिहिल्यास काय होईल? गोव्यात आहार पुरवणारे महिला स्वयंसाहाय्य गट त्याच गावातले असतात. ते वाक्य खोडण्याचा मोह शाळेला होईल, आणि नेमके त्या क्षणी मुलाला कळेल की लिहायचे कोणते आणि गिळायचे कोणते.

यावर उपाय म्हणून सारे झाकून ठेवणेही बरोबर नाही आणि सारे उघडे टाकणेही नाही. वर्गाचे पान साऱ्या जगाला दिसण्याची आवश्यकता नसते. जोडशाळा, पालक आणि उत्तर देणारे नेमलेले वाचक एवढ्यांपुरते ते बंद ठेवता येते. मुलाचे पूर्ण नाव, चेहरा, घरचा पत्ता देण्याचे काही कारण नाही. छापील मासिकात मुलाचे नाव, इयत्ता आणि गाव देणे हा त्याचा सन्मान होता. तोच तपशील इंटरनेटवर शोधयंत्राच्या हाती लागतो, तेव्हा त्याचा अर्थ पालटतो. हा फरक भोपाळच्या जुन्या टपालाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आजच्या शाळेला तो ठाऊक असायला हवा. आहाराविषयीची तक्रार कुठे आणि कशी पोहोचवायची हे पालक-शिक्षक संघाने आधीच ठरवले, तर शिक्षकाला मुलाचे वाक्य खोडावे लागणार नाही.

होशंगाबादच्या कथेचा शेवटही विसरता येत नाही. २००२ साली, तीस वर्षे चाललेला विज्ञान कार्यक्रम राज्य शासनाने बंद केला. जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी तक्रारी केल्या, नियोजन समितीने शिफारस केली, आणि साऱ्या राज्यात एकच अभ्यासक्रम हवा असे कारण पुढे आले. शाळांतून ‘बाल वैज्ञानिक’ गेले, प्राथमिक कार्यक्रमही थांबला. होशंगाबादचे नाव बदलून २०२२ मध्ये नर्मदापुरम झाले. ‘चकमक’ मात्र चालू राहिले, कारण ते शासनाच्या परवानगीवर उभे नव्हते, वर्गणीदारांवर आणि संस्थेवर होते. गोव्यात वर्गाचे ब्लॉग उभे करायचे झाल्यास ते कोणाच्या मालकीचे, शिक्षकाची बदली झाल्यावर पासवर्ड कोणाकडे राहणार, आणि संचालनालयाने उद्या वेगळे धोरण आणले तर मुलांनी लिहिलेले कुठे जाणार, याची उत्तरे पहिले पान चढवण्यापूर्वीच द्यावी लागतील.

त्यासाठी वेळही थोडा आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल ठरते आणि तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची सवलत आहे. ती २०२७च्या मे महिन्यात संपते. ‘निपुण’ची मुदतही त्याच शैक्षणिक वर्षाच्या अखेरीची. शाळांसाठी संमतिपत्राचा मराठी आणि कोकणी नमुना तयार करण्याचे काम शिक्षण संचालनालयाला त्याच्या आत उरकावे लागेल. त्या नमुन्यात आणखी एक रकाना ठेवता येईल, ज्यात मुलाची पाने नियमित वाचण्याचे काम स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहिलेले असेल.